स्लाइमी कुठला!

ऑफिसातली शिवी, मुलांचं खेळणं, कोरियन क्रीम आणि गडचिरोलीची खाण… एकाच बुळबुळीत शब्दाचं हे खानदान जरा तपासून बघू!

प्रत्येक ऑफिसात एक तरी नमुना असतोच. बॉस केबिनबाहेर आला की हा सगळ्यात आधी उभा. बॉसचा जोक संपायच्या आत हसून मोकळा. आणि डेडलाइन हुकली, क्लायंट भडकला, कुणीतरी पुढे होऊन निस्तरायची वेळ आली की… साहेब गायब! चहाच्या ब्रेकला त्याचा विषय निघतो आणि कुणीतरी एका शब्दात निकाल लावून टाकतं, "सोड ना यार, जाम स्लाइमी माणूस आहे."

सगळ्यांना कळतं. डिक्शनरी काढावी लागत नाही. पण हाच शब्द मराठीत म्हणून बघा. चिकट? चिकट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कंजूष येतो. लोचट? लोचट माणूस हाकललं तरी जात नाही, पण हा तर नेमक्या वेळी सटकतो. लाळघोट्या? बरोबर, पण अर्धंच. निसरडा? तेही अर्धंच. बुळबुळीत म्हटलं तर भेंडी आठवते. म्हणजे आपल्याकडे चिकटणाऱ्याला वेगळा शब्द आणि निसटणाऱ्याला वेगळा. इंग्रजीतला हा पाच अक्षरी शब्द मात्र दोन्ही कामं एकटा करतो.

मी मूळची ब्रह्मपुरीकडची, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातली. नोकरीला पुण्यात. आमच्याकडे पावसाळ्यात घराबाहेर पाऊल टाकलं की चिखल, आणि त्या चिखलाला कुणी नाक मुरडत नाही. त्यामुळे 'स्लाइम' म्हटल्यावर इथे लोक जो चेहरा करतात, तो बघून मला गंमत वाटायची. शेवटी या शब्दाच्या मागेच लागले. आणि काय सांगू, माल सॉलिड निघाला!

डिलीट बटणाचा चुलतभाऊ

स्लाइम हा शब्द इंग्रजीत अगदी जुना आहे. जुन्या इंग्रजीत तो 'स्लीम' होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ 'श्लाइम', आणि तिथे तो कफालाही चालतो. पुढे गेलात की लॅटिनमध्ये 'लीमुस' भेटतो, अर्थ चिखल, गाळ. ग्रीकमध्ये 'लेइमाक्स' म्हणजे गोगलगाय आणि 'लिम्ने' म्हणजे तळं किंवा दलदल. तळ्यांच्या अभ्यासाला आज लिम्नॉलॉजी म्हणतात, ते यावरूनच. भाषातज्ज्ञ या सगळ्यांना एका प्राचीन मुळाशी नेऊन सोडतात. त्या मुळाचा अर्थ चिकट, बुळबुळीत आणि निसरडं. तिन्ही एकदम!

इंग्रजी 'लाइम'ही याच घरातला. लिंबू नव्हे हं, चुना! आधी त्याचा अर्थ होता कुठलाही चिकट पदार्थ. दगडाला दगड चिकटवायला चुना वापरला जायचा, म्हणून ते नाव चुन्याला चिकटलं. म्हणजे एखाद्या स्लाइमी माणसानं तुम्हाला चुना लावला, तर तो भाषाशास्त्रालाही धरूनच वागला! आणि आमचा चंद्रपूर जिल्हा तर चुनखडीचाच. कोरपना, राजुरा, गडचांदूर या पट्ट्यातली चुनखडी सिमेंट होऊन तुमच्या-आमच्या फ्लॅटच्या भिंतीत येऊन बसते.

आता सगळ्यात भारी नातेवाईक. रोमन लोक मेण लावलेल्या पाटीवर लिहायचे आणि चुकलं की मेण सारवून अक्षरं बुजवायचे. या सारवण्यासाठी लॅटिनमध्ये जे क्रियापद होतं, तेही याच मुळातलं. त्यातूनच 'डिलीट' आला असं मानतात. दिवसातून पन्नास वेळा आपण जे बटण दाबतो, ते मुळात सारवणंच आहे.

कार्यालयात स्लाइम!

युरोप फिरून झाला, आता घरी या. संस्कृतात 'ली' नावाचा धातू आहे. अर्थ चिकटणे, बिलगणे, आणि आत शिरून दिसेनासं होणे. पुन्हा तेच, चिकटणं आणि निसटणं एकाच धातूत! त्यातून आपल्याला लीन, तल्लीन, विलीन, लय, प्रलय मिळाले. आणि 'आलय'ही मिळालं, म्हणजे जिथे आपण टेकतो, बिलगून राहतो ती जागा. देवालय, विद्यालय, हिमालय… आणि अर्थातच कार्यालय. सोमवारी सकाळी कार्यालयात शिरताना हे आठवा!

दुसरा धातू 'लिप्'. त्यातून लेप, लिंपणे, लिप्त, अलिप्त. गंमत म्हणजे इंग्रजी 'लाइफ' हा शब्दही याच अर्थाच्या मुळातून आला असं सांगतात. चिकटून राहिलं, टिकून राहिलं, ते लाइफ. आता हे दोन धातू आणि स्लाइम अगदी सख्खे की शेजारच्या घरातले, यावर विद्वानांत वाद आहेत. जुन्या कोशकारांनी त्यांना एकाच वंशावळीत बसवलं, काही नवे अभ्यासक त्यांना वेगवेगळं मांडतात. आपण लग्नाला गेल्यावर लांबच्या काकांना जसं ओळखतो, तसंच हे नातं समजा. पण मुद्दा लक्षात घ्या. चिकटणं ही एकच गोष्ट. तिकडे तिच्या वाट्याला 'शी' आली. इकडे तीच गोष्ट देवळापर्यंत पोचली.

नाकातल्या शेंबडाला संस्कृतात छान भारदस्त नाव आहे, श्लेष्मा. स्लाइमशी आवाज जुळतो, पण नातं वेगळं. हा आला 'श्लिष्' या धातूवरून, म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. त्याच धातूवरून दोन अर्थ चिकटलेला श्लेष अलंकार, मिठी म्हणजे आश्लेष, आणि चिकटलेलं सोडवणं म्हणजे विश्लेषण. मंडे मीटिंगसाठी तुम्ही रात्रभर जागून जो ॲनालिसिस रिपोर्ट करता ना, तो हाच!

गवारीची भाजी ते गोगलगायीचं क्रीम

लहान मुलांचं स्लाइम तुम्हाला माहीतच असेल. घरात भाचा-भाची असेल तर सोफ्यावर डागही असतील. मॅटेल कंपनीनं १९७६ साली हिरवंगार स्लाइम छोट्या प्लास्टिकच्या कचरापेटीत भरून विकायला काढलं. ते कशाचं होतं माहितीय? गवार गमचं! म्हणजे आपल्या गवारीच्या बियांची पूड, आणि सोबत बोरॅक्स, अर्थात टांकणखार. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, तीही मुख्यतः राजस्थानात. डब्यातल्या गवारीच्या भाजीला नाकं मुरडणारी पोरं त्याच गवारीच्या स्लाइमसाठी हट्ट करतात!

यातलं सायन्स सोपं आहे. गवार गमचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. टांकणखार त्या दोऱ्यांना मध्ये मध्ये गाठी मारतो. हळू ओढलं की गाठी सुटतात आणि पुन्हा बसतात, म्हणून ते लांबत जातं. झटका दिला की तटकन तुटतं. हल्ली घरी पांढऱ्या गमचं स्लाइम करतात, त्यातही हाच खेळ. टांकणखार कातडीला त्रास देऊ शकतो, तेव्हा पोरांच्या हातात पुडी देऊ नका.

गोगलगायीचा चिकट स्राव तर आता कोरियन क्रीमच्या बाटलीत बसून थेट ड्रेसिंग टेबलावर आलाय. 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणणाऱ्या आपल्या पणज्या हे बघून काय म्हणाल्या असत्या! पण त्या स्रावाची करामत बघण्यासारखी आहे. गोगलगाय थांबलेली असते तेव्हा तो घट्ट धरून ठेवतो, म्हणून ती भिंतीवरून पडत नाही. तिनं पायानं जोर लावला की तोच स्राव पातळ होतो आणि ती पुढे सरकते. जागा तीच, पदार्थ तोच. दाब पडला की वाट, नाहीतर पकड. त्या प्राचीन मुळात चिकट आणि निसरडं एकत्र का नांदत होते, हे गोगलगायीनं एका मिनिटात समजावलं!

चिखलावर जगणारी माणसं

आता चला माझ्या मुलखात. चंद्रपूर आणि गडचिरोली हा आधी एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. जंगल, तलाव आणि धान. तुम्हाला ताडोबाचा वाघ माहीत असतो, पण तिथल्या माणसाचं पोट चालतं ते चिखलावर.

धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. पाऊस साठला की बांधीत चिखलणी होते. ओली माती इतकी घोटायची की तिची ढेकळं मोडून लोण्यासारखा लगदा झाला पाहिजे. मातीचे बारीक कण खालच्या फटी बुजवतात आणि पाणी झिरपून जात नाही. मग त्या लगद्यात रोवणी. घोट्याच्या वरपर्यंत चिखलात पाय, कमरेत वाकलेल्या बायका, पाठीवर पाऊस. मी लहानपणी बांधीत उतरायला कुरकुर केली की आजी म्हणायची, "चिखलात पाय नाही टाकसीन तं भात कोठचा खासीन?" याच चिखलातून दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदूळ शोधला. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जेमतेम शाळा शिकलेला हा शेतकरी बांधीतल्या वेगळ्या लोंब्या वेचून निवडत गेला आणि ते वाण देशभर पोचलं. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. तुमच्या टिफिनमध्ये अजूनही तो तांदूळ येत असेल.

घरंही त्याच मातीची. बांबूचा कूड विणायचा आणि त्यावर माती-शेणाचं लिंपण. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कुडाच्या खोलीत जो गारवा असतो तो सिमेंटच्या खोलीत नाही. लिप् धातूचा अर्थ मला व्याकरणाच्या पुस्तकात कधी कळला नाही, तो त्या भिंतीवर हात फिरवताना कळला.

जंगलातलं चिकट म्हणजे डिंक आणि लाख. धावड्याचा डिंक थंडीत तुमच्या लाडवात येतो. कांडोळ, म्हणजे अंधारात पांढराफटक दिसणारं ते भुत्याचं झाड. त्याच्या डिंकाची पावडर कवळी चिकटवायला वापरतात. पण घाव जरा खोल गेला, किंवा वरचेवर घातला, की झाड वाळतं. म्हणून झाड कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न महत्त्वाचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. जे गाव उद्याही त्याच झाडाकडे जाणार असतं, ते घाव जपून घालतं.

तळ्यातला गाळ

पण म्हणून चिखलाच्या आरत्या ओवाळायच्या का? मुळीच नाही! चंद्रपूर शहरातलाच रामाळा तलाव घ्या. गोंड राजांच्या काळचा, किल्ल्याच्या परकोटाच्या आतला हा तलाव. शहर वाढलं, सांडपाणी तलावात आलं, वर इकॉर्नियाची हिरवी चादर पसरली, खाली गाळ साचत गेला. ग्रीकांनी तळ्याला आणि बुळबुळीतपणाला एकाच मुळातून शब्द का काढला, ते काठावर उभं राहिलं की नाकाला समजायचं.

'इको-प्रो' संस्थेच्या बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. हीच ती मंडळी, ज्यांनी २०१७ पासून चंद्रपूरच्या परकोटावरची झाडंझुडपं आणि कचरा हातानं उपसून काढला. लोकांनी आवाज केला तेव्हा कुठे तलावाच्या खोलीकरणाचा विषय पुढे सरकला.

आणि गंमत बघा, तळ्यातून काढलेला गाळ वाईटच असतो असंही नाही. पूर्व विदर्भात गावोगावी मालगुजारीच्या काळचे तलाव आहेत. माजी मालगुजारी, म्हणून सगळे त्यांना लाडानं 'मामा तलाव' म्हणतात. त्यांचा गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा ही जुनी रीत. २०१७ मध्ये राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तिची कल्पनाही हीच. तलावात साचला तर तो दुखणं, बांधीत पडला तर खत. गाळ तोच आहे. तो कुठे पडतो आणि त्यात काय मिसळलंय, त्यावर सगळं ठरतं.

स्लरी जाते, स्लाइम राहतं

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो खाणीतल्या इंजिनिअरला विचारलात तरच कळतो. खनिज दळून, धुऊन त्याचा कस वाढवतात. त्या पाण्यात जे अतिबारीक कण उरतात, त्यांना खाणउद्योगात चक्क 'स्लाइम' म्हणतात. हे कण इतके हलके असतात की लवकर तळाशी बसत नाहीत. त्यांना मोठ्या तळ्यांत साठवावं लागतं आणि बांध घालून धरून ठेवावं लागतं.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. २०२५ मध्ये हेडरीहून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत ८० हून अधिक किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. दळलेलं खनिज पाण्यात कालवून, म्हणजे स्लरी करून, तिच्यातून पाठवतात. त्याच वर्षी खनिजाचा कस वाढवणाऱ्या प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन द्यायला केंद्रानं तत्त्वतः होकार दिला. त्यात लाखाहून अधिक झाडं जाणार.

याची दुसरी बाजू मला माहीत आहे. माझ्याच वयाची तिकडची पोरं आज पहिल्यांदा पगाराचा मेसेज बघतायत. ट्रकऐवजी पाइपमधून माल गेला तर रस्त्यावरची धूळ आणि अपघात कमी होतात, हेही खरं. पुण्यात एसीत बसून 'खाण नकोच' म्हणणं मला जमत नाही. ज्या लॅपटॉपवर हे लिहितेय, ज्या पुलावरून ऑफिसला जाते, त्यात पोलाद आहेच.

पण कस वाढवण्याच्या कुठल्याही कारखान्याचा हिशेब दोन खात्यांत असतो. चांगलं खनिज स्लरी होऊन पुढे जातं. उरलेलं स्लाइम मागे राहतं. ते सांभाळणं हे एक-दोन वर्षांचं काम नाही, खाण बंद झाल्यावरही ते करावं लागतं. ते सांभाळलं नाही तर काय होतं, हे ब्राझीलनं बघितलंय. २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमाजिन्यो गावाजवळ लोहखनिजाच्या खाणीचा असाच एक बांध फुटला. लाल लगद्याचा लोंढा खाणीच्या कॅन्टीनवर, ऑफिसवर आणि शेतांवर गेला. सुमारे २७० माणसं मेली. बरीचशी जेवणाच्या सुट्टीत होती. आपल्यासारखीच, नोकरदार.

गडचिरोलीत असं काही होईल असं मी म्हणत नाही. आज साठवणीची जास्त सुरक्षित तंत्रं आहेत, पाणी पिळून गाळ कोरडा रचता येतो. माझं म्हणणं इतकंच, की कोरड्या गाळाचा खर्च कोण करणार, बांधाची तपासणी कोण करणार, आणि तिचा निकाल खालच्या गावाला त्याच्या भाषेत, माडियात, गोंडीत, मराठीत कोण सांगणार, हे आधी ठरलं पाहिजे. जंगलातल्या डिंकासाठी घाव किती खोल घालायचा हे ग्रामसभा ठरवू शकते, तर डोंगराच्या घावाबद्दल तिला विचारायला काय हरकत आहे?

मग करायचं काय?

ताडोबाला तर तुम्ही जाताच. दोन दिवस सफारी, वाघाचा फोटो, परत. पुढच्या वेळी चंद्रपुरात अर्धा तास जास्त काढा आणि रामाळ्याच्या काठावर जा. पाणी कसं आहे ते स्वतः बघा. वेळ असेल आणि पावसाचे दिवस असतील, तर ब्रह्मपुरी, नागभीडच्या बाजूनं एक चक्कर मारा. रोवणी चालू असेल. बायका हसून "या बाई, चिखल तुडवाले!" म्हणतील. खरंच बूट काढा आणि उतरा. पहिल्या पावलाला अंगावर काटा येईल, तिसऱ्याला पाय रुततील, दहाव्याला माती उबदार वाटायला लागेल. आणि रात्री भात जेवताना ताटाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघाल. गॅरंटी!